आईची मेलेली फाइल

त्या वर्षी मी माझ्या आईला स्वतःच्या हातानं मारलं, तेही भर दुपारी, डबा खाऊन झाल्यावर.

पडाव भागातल्या एका खासगी इस्पितळात मी कॉम्प्युटर सांभाळतो. कागदी रजिस्टरं बंद करून सगळं कॉम्प्युटरवर आणायचं, हे मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात आलं आणि वर्षभर माझ्या डोक्यावर बसलं. नवं सॉफ्टवेअर नीट चालतं का, ते बघायला एक खोटा रुग्ण लागतो. शहाणी माणसं त्याला 'अबक' असं काहीतरी नाव देतात. मी आईचं नाव, वय आणि मोबाईल नंबर घातला. इस्पितळाचे मेसेज पोचतात की नाही, हे सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि थाटीपुरच्या घरी बसलेली आई या कामाला एका पायावर तयार झाली.

शाळेतून निवृत्त झालेली बाई ती, चूक दिसली की सोडायची नाही. "अरे, आज माझं अपेंडिक्स काढलं म्हणे," ती फोनवर सांगायची. "पण मेसेजमध्ये मला 'श्री' लिहिलंय. ते पहिले ठीक कर." चार महिन्यांत तिचे दोन्ही मोतीबिंदू निघाले आणि सत्तरीत दोन बाळंतपणं झाली. जयेंद्रगंजच्या मावशीला ती रोजचा अहवाल द्यायची.

शेवटी मृत्यूचा फॉर्म तेवढा तपासायचा राहिला. माझा हात धजेना. आईलाच विचारलं.

"फालतू परेशान होतोस," ती म्हणाली. "कावळा डोक्यावर बसला की नातेवाइकांना मेल्याची खोटी खबर धाडतात ना? ते रडले की अपशकुन टळतो. मग कळवायचं, माणूस आहे म्हणून. उलट आयुष्य वाढतं. टाकून दे."

मी बटण दाबलं. तिच्या मोबाईलवर इस्पितळाचा शोकसंदेश गेला. तिनं तो मावशीला वाचून दाखवला आणि दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो. रडलं कुणीच नाही.

तिला परत जिवंत करायला गेलो तर सोयच नव्हती. मृत्यूची नोंद मागे घेता यायला हवी का, असं सॉफ्टवेअरवाल्यांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, आणि "गेलेला माणूस परत येतो का कधी?" असं ऐटीत म्हणून मीच सगळ्यांना हसवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जानेवारीत सराव संपून खरं काम सुरू झालं, आणि आईची मेलेली फाइल तशीच खऱ्या रुग्णांत येऊन बसली.

एका सकाळी ती सहज उघडली. मृत्यूच्या नोंदीखाली एक ओळ होती. नाडी, बहात्तर. मी बघत असतानाच तिच्याखाली दुसरी आली. चौऱ्याहत्तर.

मी खुर्ची मागे सरकवली आणि घरी फोन लावला. आई मटार सोलत होती.

पुढे हे चालूच राहिलं. चार दिवस नाडी चालायची, दोन दिवस सगळं शांत असायचं, मग अचानक शंभराच्या वर पळायला लागायची. संध्याकाळी घरी गेलो की मी काहीतरी निमित्त काढून आईचं मनगट धरायचो आणि घड्याळ लावून मोजायचो. आकडा कधी जुळला नाही. त्यानं भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. मग ही नाडी कुणाची?

महिला वॉर्डच्या सिस्टरना विचारलं. "हम तो पहले कागज़ पे लिखते हैं, भैया," त्या म्हणाल्या. "कंप्यूटर में तो शाम को चढ़ाते हैं." मग हसून म्हणाल्या, "आपकी अम्मा ऊपर से भेज रही होंगी."

शोध घेणं माझंच काम होतं. मी घेतला नाही. घाबरलो होतो, सरळच सांगतो. ती फाइल उघडायचीच बंद केली.

दिवाळीच्या आधी आई चक्कर येऊन पडली. तिला आमच्याच इस्पितळात आणलं. काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सर, ये तो एक्सपायर दिखा रही हैं."

"हाँ बेटा, पिछले साल से," आई म्हणाली.

नवी फाइल काढली. तिला महिला वॉर्डात नऊ नंबरचा बेड मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली माझ्या टेबलावर बसून मी तिची नवी फाइल उघडली, तर नाडीची जागा रिकामी. का कोण जाणे, मग जुनी उघडली. चोपन्न. पन्नास. शेहेचाळीस. मी बघत होतो आणि खाली अजून एक ओळ आली. एकोणचाळीस.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि हाकेला ओ देत नव्हती. उशाशी मॉनिटरवर तोच आकडा होता, पण आवाज अगदी बारीक केलेला. वायर जरा सैल झाली की तो दिवसभर कोकलतो, म्हणून सगळ्याच सिस्टर तो बारीक करतात. माझ्या ओरडण्यानं डॉक्टर धावत आले, पडदा ओढला गेला.

आई वाचली. दुपारी मी तपास केला. सरावाच्या वेळी मी खोट्या रुग्णाला बेड नऊवर ठेवून तिथला मॉनिटर त्या फाइलला जोडला होता, म्हणजे नाडी आपोआप तिच्यात नोंदली जाईल, आणि तो सोडवायचा विसरलो होतो. वर्षभर त्या बेडवर जी बाई निजली, तिची नाडी माझ्या आईच्या फाइलीत येत राहिली. मी वेळेवर सोडवला असता तर त्या सकाळी आईची नाडी तिच्या नव्या फाइलीत, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरच्या स्क्रीनवर दिसली असती, आणि सिस्टरनी ती माझ्या आधी पाहिली असती.

संध्याकाळी आयसीयूत आईनं डोळे उघडले. मी तिला सगळं सांगायला लागलो. मॉनिटरच्या चुकीपर्यंत आलो आणि मला रडू फुटलं. ते थांबेना. तिनं माझा हात धरून ठेवला आणि माझं रडून होऊ दिलं.

"चला, कुणीतरी रडलं," ती म्हणाली. "आता कळव सगळ्यांना, मी आहे म्हणून."