बुजलेली नेढी

घड्याळजींची नजर गेली हे घड्याळजी सोडून बहुतेकांच्या लक्षात आलं होतं. दुकान बंद केल्यापासून ते घरी बसून मासेमारीसाठी पिसांच्या खोट्या माश्या बांधत. बारीक गळावर रेशमाचे वेढे, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस आणि गाठ सुटू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. तळ्यातले तळहाताएवढे मासे त्यांवर तुटून पडत. पण आता थेंब नको तिथे पडायचा आणि गळाचं नेढं बुजायचं. नेढ्यातून गळाची दोरी, तंगूसच ओवता येईना, तर ती माशी काय चाटायची?

पहिल्यांदा असं झालं तेव्हा शेजारचा सुतार मागच्या दाराने घड्याळजींच्या बायकोकडे आला होता. "वहिनी, त्यांना कळू देऊ नका," म्हणाला. तेव्हापासून दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की ती सुईने एकेक नेढं मोकळं करी. नवरा मात्र चारचौघांत सांगे, "माझा हात अजून तिशीतला आहे. आमच्या हिला साधं बटण लावता येत नाही." ती ऐकून घेई. घरात आपलं म्हणावं असं तिला एकच होतं, एक लंगडा तांबडा कोंबडा. पिलू असल्यापासून तिनेच वाढवलेला. ती अंगणात आली की तो लंगडत तिच्या मागे हिंडे आणि नवऱ्याला सांगण्यात अर्थ नाही ते सगळं ती त्याला सांगे.

त्या वर्षी तळ्यावरच्या स्पर्धेत सगळ्यांनी घड्याळजींच्याच माश्या वापरायच्या असं ठरलं. म्हातारा हवेत गेला. आदल्या दिवशी ती बाजारातून परतली, तर नवरा पायरीवर बसून मारलेल्या तांबड्या कोंबड्याची मान सोलत होता. गळलेली पिसं घरात डबाभर होती.

"ताजं पीस पाण्यात वेगळंच चमकतं. उद्याच्या सगळ्या माश्या याच्याच," तो म्हणाला. मग तिचे हुंदके ऐकून वैतागला. "रडतेस काय? पोटचा होता का तुझ्या? मूलबाळाच्या बाबतीत तर सगळा आनंदच आहे."

त्या दिवशी तिने सुईला हात लावला नाही.

स्पर्धेला ती मुद्दाम गेली. माणसं तंगूस ओवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. कुणी तंगुसाचं टोक ओलं करून पाहिलं, कुणी दातांनी कोरून पाहिलं. मग एकजण हसला आणि हसू काठाकाठाने पसरलं. घड्याळजी ज्याला त्याला विचारत होते, "काय झालं? काय झालं?" शेवटी सुताराच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, या खेपेला नेढी उघडायची राहिली का हो?"

घड्याळजींनी एक माशी उचलून डोळ्यांजवळ नेली, मग नखाने चाचपली.

"या खेपेला म्हणजे?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तुमची प्रत्येक माशी."

तिला वाटलं होतं, त्याचा चेहरा पाहून आपलं काळीज हलेल. तसं काही झालं नाही. उलट बरं वाटलं, फार बरं वाटलं. नवऱ्याने तिच्या आवाजाच्या रोखाने हात पुढे केला, घरी ने म्हणून. उभ्या जन्मात त्याने तो असा कधी पुढे केला नव्हता.

ती उठली, लुगडं झटकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुताराला म्हणाली, "भावजी, यांना घरी सोडा. आंधळे झालेत ते."