पाणी वर चढवणाऱ्या सुलभाताई

सुलभाताईंची माझी पहिली भेट मुरबाडला, पाड्यांना शेतीचे पाणी मिळवून देणाऱ्या आमच्या संस्थेच्या ओसरीवर झाली. मी नवीन होतो. शेतीचा पंप जेवढा मोठा तेवढा चांगला, अशी माझी समजूत. ताईंनी विचारले, "पाणी किती उंच न्यायचंय?" मला सांगता येईना. "चला, आधी चढण बघून येऊ," म्हणत त्या उठल्याही.

कृषी अभियंता म्हणून ताईंनी शहापूर-मुरबाडच्या डोंगरपाड्यांत केवढे काम उभे केले, हे कळायला खर्डीजवळच्या एका पाड्याची हकीकत पुरेशी आहे. खाली ओढ्यावर बंधारा, वर माळावर शेते. भातकापणी झाली की सगळे वीटभट्टीवर मजुरीला जात. पाणी वर आले तर भेंडी लावून घरीच राहायचे, असे पाड्याने ठरवले होते. मात्र संस्थेकडून पंप एकदाच मिळणार होता. निवड चुकली की संपले.

ताईंनी चढ मोजला, विजेचा दाब तपासला आणि तीन हॉर्सपॉवरचा, कमी वीज खाणारा पंप सुचवला. पाड्याचे कारभारी काळूदादा नाराज झाले.

"ताय, बाजूच्या गावानं पाचची मोटर लावलीय. आमाला तीनची? लोक हसतील."

"दादा, त्यांची मोटर जळते, कारण इथला विजेचा दाब तिला पुरत नाही. पाइप अरुंद असला की मोटरचा जोर पाइपातच जिरतो. आपण मोटर लहान घेऊ, पाइप रुंद घेऊ."

"आन पानी नाय चढलं तं?"

"तर जबाबदार मी," ताई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी पाणी खरोखरच चढले नाही. माळावरच्या टाकीपाशी जमलेला पाडा पांगू लागला. काळूदादा घराकडे वळले. ताई ओढ्यात उतरल्या आणि त्यांनी पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, वर ओढला. त्यात काटकी अडकून पाणी मागे गळत होते. ती काढून त्यांनी पंप पुन्हा सुरू करवला. थोड्या वेळाने टाकीवरून पाड्यातल्याच मंगलाबाईंचा आवाज आला, "आलं गो ताय, आलं."

त्या हिवाळ्यात भट्टीचा मुकादम पाड्यावर येऊन रिकामाच परतला.

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ताई रोज दवाखान्यात डबा घेऊन येत. पण मला त्यांचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. त्यांनी मंगलाबाईंना पंपाची निवड शिकवली. आज उंबरमाळीकडच्या पाड्यांत चढ मोजायला मंगलाबाईच जातात आणि ताई त्यांची ओळख "माझ्या सहकारी" अशी करून देतात.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होऊन त्या निवृत्त होणार, हे मी मंगलाबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पगार थांबंल. ताय नाय थांबायच्या."

ताई, तुमचे गुडघे असेच चढ चढत राहोत आणि तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. कसाऱ्याच्या वरच्या पाड्यांत अजून पाणी पोहोचायचे आहे.