चिलखती केबल आणि घुशींची पंगत

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर माझ्या मामांइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस नाही. हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, पण बसचा रंग त्यांना कधी आठवला नाही. पोटाखालचे नट मात्र पाठ. लग्नात नवरदेवाआधी ते मांडवाचे खांब हलवून बघतात. मुलगी द्यायची म्हणून जावयाचं घर पाहायला गेले, तर चहा निवेपर्यंत मोरीचं पाणी कुठे जातं तेच शोधत होते. मामी म्हणतात, "ह्या माणसानं मह्यं तोंड पाह्यलं नसन, पण जोडव्याचा टाका तपासला व्हता!"

तीच मुलगी, आमची ताई, यंदा बाळंतपणाला येणार होती, ऐन उन्हाळ्यात. दुपारी वीज गेली की पत्र्याच्या घराची भट्टी होते. ताई यायच्या आत पंखा न थांबता फिरला पाहिजे, म्हणून मामांनी सोलर घेतलं. जुन्या पत्र्यावर पॅनेल बसेनात आणि अंगणात सावली टाकणारा निंब मामा तोडू देईनात, तेव्हा पॅनेल मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले, घरापासून सत्तर पावलांवर. उरली फक्त तिथून घरापर्यंत जमिनीखालून आणायची केबल. आमच्यासाठी ती वायर होती, मामांसाठी स्थळ. पंधरा दिवस हातात, आणि मामा पसंती देईनात.

चिखलीचा दुकानदार साधी वायर पातळ पाइपात घालून द्यायला निघाला होता. "मामा, जमिनीखाली कोण पाह्यते हो?"

"जमीन पाह्यते," मामा गरजले. "एप्रिलात तोंड उघडून पाह्यते!"

मी मोर्चे आणि पत्रकांवर वाढलेला मुलगा. हे वाक्य मी तिथल्या तिथे पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं. पण मामा वाक्यावर थांबणारे नव्हेत. साधी वायर, पाइपातली वायर आणि पोलादी तारांचं चिलखत घातलेली आर्मर्ड केबल, असे तीन हातभर तुकडे त्यांनी आणले, तिन्हींना शेंगदाण्याची चटणी फासली आणि परसातल्या घुशींच्या बिळापाशी ठेवले. आठ दिवस!

"माणसाले भाकरीसंगं चटणी भेटून नाही राह्यली अन् घुशीले पंगत!" मामी कडाडल्या. "पोरगी आठ दिवसांवर आली!" हा बाळंतिणीवर अन्याय आहे, असं मीही ठणकावलं. मामा शांतपणे म्हणाले, "परीक्षा चालू हाय बे, कल्ला नको करू."

निकाल लागला. पहिली वायर गायब, दुसरीचा पाइप कुरतडलेला, तिसरीवरची फक्त चटणी साफ. "पास!" म्हणत मामांनी आर्मर्ड केबल छातीशी धरली, जणू पोराचा बोर्डात नंबर आला.

मग कंबरभर खोल चर, तळाला वाळू, वर विटा. मी केबल सुतासारखी सरळ ताणली, तर मामा चरात उतरले. "तुह्या पत्रकावानी ताठ नको टाकू. काळी माती हाय. उन्हाळ्यात फाकते, पावसात फुगते. ताणलेलं तुटते, थोडं ढिलं सोड." तडजोड हा शब्द मी शिवीसारखा वापरतो; तरी मुकाट्याने नागमोडी टाकली. शेवटची वीट ठेवली आणि दारात ताईची जीप थांबली. पंखा फिरला. सगळे वर पाहत होते, मामा खाली.

वैशाखात जमिनीने खरंच तोंड उघडलं. हात जाईल एवढ्या भेगा. मामा भर दुपारी पालथे पडून आत टॉर्च मारायचे, आणि घरात ताईचं बाळ पंख्याखाली गाढ झोपायचं. एकाही दुपारी पंखा थांबला नाही.

मग भेगा बुजल्या आणि ताई बाळाला घेऊन सासरी गेली. जीप वळेपर्यंत मामा तिच्या चाकांकडेच बघत होते. परवा गेलो, तर मधल्या खोलीत रिकाम्या पाळण्यावर पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि मामा खाली बसलेले.

"मामा, खोलीत कोणीच नाही. पंखा काऊन चालू हाय?"

"केबल तपासून राह्यलो," मामा म्हणाले, आणि या खेपेला ते वर पाहत होते.