विहिरीतला कापूस

सुरुंगाचा धूर विरल्यावर विहीर खोदणाऱ्यांचा म्होरक्या खाली उतरला. काका काठावरून ओरडले, "अरे, पाणी लागलं का?"

"लागलं, मालक. गोड हाय, चाखलं म्या. पण दगडातून कापूस निंगून राह्यला."

टोपलीतून वर आलेला दगड आम्ही पाहिला. काळ्या खडकात नारळाएवढी पोकळी होती आणि तिच्या आत बोराएवढे पांढरे गोळे, पिंजलेल्या कापसासारखे. मी एकाला बोट लावलं. टोचेल असं वाटलं होतं, पण तंतू केसांसारखे वाकले आणि तिथे खळगा पडला. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

वडील रेल्वेत असल्यामुळे मी शहरात इंग्रजी शाळेत शिकत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जऊळक्याला काकांच्या मळ्यात यायचे. त्या वर्षी जुनी विहीर आटली होती आणि काकड्यांचे वेल माना टाकून पडले होते.

शेजारच्या मळ्यातले आबा दगडावर वाकले. "हा सोमल हाय. माह्या बैलाले कोनी घातला होता, तो असाच पांढरा होता."

"हळू बोला ना, आबा," काका म्हणाले. त्यांना विषापेक्षा त्या शब्दाची भीती जास्त होती. सोमलाच्या विहिरीची भाजी मालेगावच्या बाजारात कोण घेणार? म्होरक्या मात्र बाजूला जाऊन थुंकत बसला होता.

काका माझ्याकडे वळले. "पोरी, तू सायन्स शिकते ना? सांग बरं काय हाय हे."

त्या घरात मी फारशी बोलत नसे. माझ्या मराठीला सगळे हसायचे. मी हळूच म्हटलं, सोमल निखाऱ्यावर टाकला की लसणाचा वास येतो, असं आमच्या बाईंनी सांगितलं आहे. इतकं हळू, की काकूला ते मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. "आयका, आमची मडम काय म्हंते ते!"

मळ्यातल्या घरात चुलीत निखारे होतेच. मी चिमट्याने एक गोळा त्यावर ठेवला आणि सगळे वाकले. वास आला. लसणाचाच, अगदी स्पष्ट.

म्होरक्या उंबऱ्यातच बसला. "मेलो म्या."

"म्या म्हनलं नव्हतं?" आबा म्हणाले. माझी पाठ भिंतीला टेकली होती.

"अवो, सरका तिकडं!" काकू ओरडली. "ठेच्याचा लसून आत्ताच भाजला म्या त्या चुलीत. अन् सोलला या पोरीनं. हात तरी धू वं, मडम!"

कोणी हसलं नाही.

मग घमेल्यात बाभळीचे नवे निखारे घेऊन आम्ही दूर बांधावर गेलो. मी हात राखेने घासून धुतले होते. दुसरा गोळा टाकला. तो वितळला नाही, उडून गेला नाही. नुसता ठिसूळ होऊन तिथेच पडून राहिला. वास फक्त बाभळीचा होता.

"लसनाचा वास नाही म्हंजे इख नाही, असं कोन्या पुस्तकात लिवलं हाय?" आबांनी विचारलं.

आबांचं खरं होतं. विषं काय एकच असतात?

तो कापूस काय होता, ते आज ठाऊक आहे. तसाच एक दगड पुढे कॉलेजात भिंगाखाली पाहिला. त्या खनिजाला ओकेनाइट म्हणतात. चुना, सिलिका आणि पाणी, एवढंच त्यात असतं. लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. नंतर गरम पाणी खडकातून झिरपतं, खडकातला चुना आणि सिलिका विरघळवून त्या पोकळ्यांत आणतं, आणि तिथे केसाहून बारीक स्फटिक एका बिंदूपासून चहूकडे वाढत जातात. जगात हे फार थोड्या ठिकाणी सापडतं. पण त्या दिवशी बांधावर मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

काकांनी नव्या पाण्याचा तांब्या उचलला. "पोरीनं सांगतलं ना, इख नाही म्हून."

मी तसं सांगितलं नव्हतं. मी फक्त वासाचं बोलले होते. हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी तांब्या रिकामा केला होता. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. त्यांना काही झालं नाही, म्होरक्यालाही नाही. नव्या पाण्यावर वेल उठले, काकड्या धरल्या.

पण तो शब्द आमच्या गाडीच्या आधी मालेगावला पोचला होता. बाया काकडी उचलायच्या, काकांकडे पाहायच्या आणि परत ठेवायच्या. "सोमलाच्या विहिरीच्या न या?" काका हसून नाही म्हणायचे. दुपारपर्यंत त्यांचं हसणं संपलं आणि ढीग मात्र तसाच होता.

मी गाडीमागे बसले होते. उठले, ढिगासमोर येऊन बसले आणि एक काकडी सालीसकट खाऊ लागले. लोक थांबून बघायला लागले. माझे कान तापले होते. मान खाली घालून मी दुसरी घेतली.

एक म्हातारी जवळ आली. "कडू हाय काय वं, पोरी?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी काकूची गरज पडली नाही.

"मंग दे बाप्पा शेरभर," ती काकांना म्हणाली. "पन इच्या म्होरच्याच दे. तिकडच्या नको."

काकांनी तराजू उचलला.