एल्विन डार्डारची रिकामी पेटी

ऑगस्टच्या वादळात बायू मार्सेलँ गावाच्या दफनभूमीतून त्रेचाळीस शवपेट्या वाहून गेल्या. त्यांतल्या बेचाळीस पेट्या कोणाच्या होत्या, हे व्हर्जी डार्डार कागद न बघता सांगू शकत होती. कागद तसेही उरले नव्हते. चर्चची नोंदवही कपाटातच भिजून तिचा लगदा झाला होता. त्रेचाळिसाव्या पेटीत कोणी नव्हतं. ती व्हर्जीच्या मुलाची होती.

व्हर्जी त्रेसष्ट वर्षांची. चौदाव्या वर्षापासून ती धक्क्यावरच्या शेडमध्ये कोळंबी निवडायला उभी राहत होती. शेड बंद पडली तोवर बायूच्या, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या त्या संथ ओढ्याच्या, खालच्या टोकाची निम्मी घरं रिकामी झाली होती. जमीन दरवर्षी थोडी थोडी पाण्याखाली जात होती आणि माणसं वरच्या गावांकडे सरकत होती. मागे राहिली ती त्यांची मेलेली माणसं. इथे दोन फूट खणलं की पाणी लागतं, म्हणून थडगं अर्धं जमिनीत आणि अर्धं वर बांधतात, पेटी आत उतरवतात आणि वर सिमेंटचं झाकण बसवतात. नोव्हेंबरच्या एक तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, प्रत्येक थडगं चुन्याने पांढरं झालेलं असावं लागतं. दूर गेलेल्यांची थडगी व्हर्जी रंगवू लागली. कोणी सांगितलं म्हणून नाही. आपल्या शेजारचं थडगं काळं दिसतं, हे तिला बघवत नसे. अशी सव्वीस वर्षं गेली. प्रत्येक दफनाला ती हजर असे, त्यामुळे कोणाच्या पेटीत काय ठेवलं, हेही तिला ठाऊक होतं.

सप्टेंबरमध्ये पेट्या शोधायला सरकारी पथक आलं तेव्हा ती सकाळी सहा वाजता जाऊन त्यांच्या तंबूबाहेर उभी राहिली. पथकाची प्रमुख हॅलोवे बाई चाळिशीची, कमी बोलणारी.

"तुम्ही कोणाची पेटी शोधताय?" बाईने विचारलं.

"सगळ्यांची."

तेव्हापासून ती रोज जाऊ लागली, बिनपगारी. तिच्या घरात खिडकीपर्यंत चिखल होता. ओहायोच्या एका चर्चमधून आलेली स्वयंसेवक मंडळी घराघरांतून भिजलेल्या भिंती उखडून काढत होती. ती मंडळी तीनदा तिच्या दारात येऊन गेली. घरमालक समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. व्हर्जी त्यांना म्हणाली, "माझं घर राहू द्या. ते कुठे वाहून गेलेलं नाही."

शोधायला ती चुलतभाऊ ओव्हाइडच्या होडीतून जाई. ओव्हाइड सत्तरीचा, गुडघ्यांनी अधू, तोंडाने नाही. पेट्या दलदलीत, गवतात, कुणाच्या परसात, एक तर शाळेच्या बसखाली सापडली. झाकण उघडून बघायचं काम हॅलोवे बाईचं. व्हर्जी शेजारी उभी राही.

"हिरवा सूट," बाई म्हणाली. "खिशात पत्त्यांचा जोड."

"अल्सीद. पत्ते बायकोने ठेवले. घरात नकोत म्हणून."

"नक्की?"

"सात मैल लांब आलाय," ओव्हाइड म्हणाला. "जिवंतपणी हा माणूस ओट्यावरून उठत नव्हता हो. त्याच्या बायकोला सांगू नका, खरं वाटायचं नाही तिला."

बाईला हसू आलं. तिने ते खोकल्यात दाबलं आणि फॉर्म भरला.

त्या फॉर्मवर एक रकाना होता: पेटीत मानवी अवशेष आहेत का. पहिल्याच आठवड्यात वाहून गेलेल्या सगळ्या पेट्यांची यादी करताना बाईने व्हर्जीला एकेका थडग्याबद्दल तो प्रश्न विचारला होता. बेचाळीस वेळा व्हर्जी हो म्हणाली. एल्विनचं नाव आलं तेव्हा म्हणाली, "नाही."

एल्विन अकरा वर्षांपूर्वी आखातात कोळंबी धरायला गेला होता. जाळं तळाशी कशाला तरी अडकलं, होडी एका बाजूला कलली आणि उलटली. बरोबरचा माणूस वाचला. एल्विन मिळाला नाही. तो एकतीस वर्षांचा होता. पाण्यात गेलेला माणूस मिळाला नाही, तर इथे त्याच्या वस्तू पेटीत घालून दफन करतात. पेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांना वजन लागावं, म्हणून आत जाळ्याच्या कडेची शिशाची साखळी ठेवतात. ही रीत जुनी आहे. कोणी त्याबद्दल बोलत नाही, पण प्रत्येक जण साखळी घेऊन येतो. ओव्हाइडही घेऊन आला होता.

व्हर्जीने ती ठेवू दिली नाही. "त्या साखळीनेच त्याला खाली नेलं," ती म्हणाली होती. "परत त्याच्या अंगावर घालू नका."

साखळीवाल्या, म्हणजे आत माणूस नसलेल्या, आणखी तीन पेट्या वाहून गेल्या होत्या. तिन्ही दफनभूमीपासून शंभर पावलांच्या आत, चिखलात रुतलेल्या सापडल्या. त्या तिघांच्या फॉर्मवर व्हर्जी हो म्हणाली होती, हे एव्हाना बाईच्याही लक्षात आलं असावं.  एल्विनची पेटी पत्र्याची, राखाडी, हलकी. ती कुठवर गेली असेल, याचा अंदाज बांधायलाच ओव्हाइडला दोन दिवस लागले. तो म्हणाला, उत्तरेला.

"तुम्ही त्या वेळी हो म्हणाला असतात तर," हॅलोवे बाई एकदा तिला म्हणाली, "माझं हेलिकॉप्टर तिकडे गेलं असतं. आता नाही पाठवता येत. रिकामी पेटी म्हणजे आमच्या हिशेबी मोडतोड. ती कचऱ्यात धरतात."

"मला माहितेय."

"मग त्या तिघांना हो का म्हणालात?"

"त्यांच्या आया मेल्यात," व्हर्जी म्हणाली. "त्यांच्यासाठी खोटं बोलता आलं. एल्विनचं नाव घेतलंत आणि तोंडातून खरं तेच बाहेर पडलं."

पथकाची मुदत एकतीस ऑक्टोबरपर्यंत होती. थडग्यांवर झाकणं बसवणारी क्रेनही त्याच दिवशी जाणार होती. एका झाकणाचं वजन दहा माणसांनाही पेलत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अडतीस पेट्या सापडल्या. दुपारी तीनला पथकाचं काम आटोपलं की व्हर्जी आणि ओव्हाइड अंधार पडेपर्यंत उत्तरेचे कालवे बघत. एकदा गवतात राखाडी पत्रा चमकला. फ्रीज निघाला.

"उघडून बघ," ओव्हाइड म्हणाला. "थंड काही असलं तर मला दे."

व्हर्जी हसली नाही. तिने तोही उघडून बघितला.

एकोणतीस तारखेला डिझेल भरताना ओव्हाइडच्या कानावर आलं, की कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराच्या लोकांना उत्तरेच्या उसाच्या शेतात एक राखाडी पत्र्याची पेटी मिळाली होती. गाडीने पाऊण तास. मोडतोड टाकण्याच्या मैदानात छतं, गाद्या, होड्या, झाडांची खोडं यांचे डोंगर होते. मुकादमाचं नाव रुबेन. त्याने टोपी काढली.

"बाई, आम्ही दोनदा बघितलं. आत माणूस नव्हतं. एकाने तर गुडघ्यांवर बसून प्रार्थनापण केली, मग बघितलं. पथकाला फोन केला, ते म्हणाले, रिकामी असेल तर तुमची."

"कुठे आहे?"

रुबेनने यंत्राकडे बघितलं. "परवा चेपली."

परवा व्हर्जी दिवसभर, सापडलेल्या पेट्या ठेवलेल्या पथकाच्या शीतगाडीत होती. अडतिसावी पेटी कोणाची, हे ठरत नव्हतं. शेवटी तिने गळ्यातल्या माळेवरून ओळखली.

"आतलं सामान?"

"कापड सगळं सडलं होतं. रेनकोट होता. तो गेला त्यातच." "बूट चांगले होते. पांढरे, रबरी. आमच्या एकाचे फाटले होते, त्याने घेतले. चोरी नाही, बाई. कचऱ्यातली वस्तू होती."

बूट घालणारा विल्मर होंडुरासचा होता, तिशीच्या आतबाहेरचा. तो ढिगाऱ्यातून खिळ्यांच्या फळ्या ओढून काढत होता. रुबेनने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं. विल्मरने आधी व्हर्जीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि लगेच वाकून एक बूट ओढू लागला. बुटाच्या आत, वरच्या कडेला, काळ्या शाईत एल्विनचं नाव होतं. अक्षर व्हर्जीचं.

खाली सगळीकडे खिळे होते.

"राहू दे," ती म्हणाली. "याची सुट्टी कधी होते?"

"पाचला."

तेव्हा सव्वाएक वाजला होता. ती गाडीच्या मागच्या फळीवर बसली. ओव्हाइड म्हणाला, "दुसरे बूट आणून देऊ का त्याला? माझे घे."

"तुझे त्याच्या अंगठ्यालाच होतील."

पावणेचार तास ती त्या बुटांना ढिगाऱ्यावर चढताना-उतरताना बघत बसली. पाचला विल्मरने ते नळाखाली धुतले, तोंडं खाली करून निथळू दिले आणि तिच्या हातात दिले. तो मोज्यांवर ट्रककडे गेला. 

एकतीस तारखेला क्रेनने अडतिसावं झाकण बसवलं. न सापडलेल्या चार जणांच्या थडग्यांवर पत्रे ठोकले. त्यांच्या पेट्या पुढेमागे सापडल्या तर पथक परत येणार होतं. एल्विनच्या थडग्यासाठी कोणी येणार नव्हतं. झाकण बाजूलाच पडलं होतं.

"मला नवी पेटी नको," व्हर्जी हॅलोवे बाईला म्हणाली. "बूट मी आत ठेवते. फक्त झाकण टाकून द्या."

बाईने क्रेनवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, पथकाच्या यादीत नंबर नसलेल्या थडग्याला हात लावला तर विमा लागू होत नाही. बाईने फोन केला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलली, परत आली.

"मिस व्हर्जी, मी प्रयत्न केला."

"हो, मी बघितलं."

दुपारी क्रेन गेली. संध्याकाळपासून पाऊस लागला आणि सकाळी उघडला.

सर्व संतांच्या दिवशी वरच्या गावांतून माणसं आली, मेणबत्त्या घेऊन. चुना लागला नव्हता. या वर्षी त्याला कोणाचे हात मोकळे नव्हते. अल्सीदच्या बायकोने व्हर्जीला मिठी मारली. बरेच जण तिचे आभार मानायला आले आणि तिच्यामागचं उघडं थडगं बघून पुढे गेले. थडग्यात मांडीभर पाणी होतं.

"ठेव आता," ओव्हाइड म्हणाला.

"तरंगतील."

तिने बूट झाकणावर ठेवले, ओव्हाइडच्या होडीतला डबा घेतला आणि कडेवर ओणवी होऊन पाणी उपसायला लागली. पहिले पन्नास डबे पातळी खाली जाताना दिसली. मग दिसेना. वादळाने तळाला चीर पाडली होती, आणि बाहेर काढावं तेवढं पाणी खालून वर येत होतं.

"व्हर्जी," ओव्हाइड म्हणाला, "अगं, तळ फुटलाय."

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि पुढचा डबा भरला.