हत्यार बादलीत, माणूस बाकावर

निळी प्लॅस्टिकची बादली पायाने पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "हत्यार बादलीत, माणूस बाकावर." आमच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग रूमच्या दारात मावशी अशा उभ्या राहायच्या. समोर डोकं फुटलेला असो की फोडणारा, वाक्य तेच. तुम्हाला खोटं वाटेल, पण मुठीत कोयता आवळून आलेले गडीही खाली वाकून तो बादलीत ठेवायचे. मग हवालदार यायचे आणि अख्खी बादलीच उचलून न्यायचे. मावशी मागून सांगायच्या, "धुवून पाठवा सायेब. मागच्या टायमाला तशीच आली."

मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर होतो. आमच्या घरात पदवी मिळवलेला पहिला मीच. वडील वरवंडला वीटभट्टीवर. नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात बांधावरून भांडलेले दोन चुलतभाऊ एकाच टेम्पोतून आले. एकाचा कान गालावर लोंबत होता. दुसऱ्याचे पुढचे दात गेले होते आणि रक्ताबरोबर तो शिव्याही थुंकत होता. माझ्या हातातला पेन गळून पडला. मावशींनी दोघांना एकाच बाकावर बसवलं, मध्ये फक्त कापसाचा गठ्ठा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही बी बसा. पडलात तर तिसरा पेशंट व्हाल."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

त्यांचा दुसरा नियम नंबराचा. ज्याचं रक्त जास्त, तो आधी. एकदा गावचा एक पुढारी कापलेलं बोट घेऊन पुढे घुसला, आपण कोण आहोत ते सांगू लागला. मावशींनी बोट पाहिलं, बाक दाखवला. तो अर्धा तास बसला, आणि तेवढ्यात रक्त आपोआप थांबलं. नुसती पट्टी घेऊन गेला.

त्या मूळच्या शिरूरकडच्या ख्रिस्ती. नवरा दौंडला रेल्वेत होता, तो लवकर गेला. रविवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून चर्चला जायच्या आणि ड्युटी असली तर तशाच कामावर यायच्या. रोज दुपारी एक वाजता कोपरापर्यंत हात धुऊन मागच्या पायरीवर बसायच्या. डबा उघडून डोळे मिटायच्या. "देवबापा, हात तुझे, भाकर तुझी. आता घडीभर बसू दे. आमेन." आत कोणी किंचाळत असलं तरी त्या दोन मिनिटांत त्यांचा चेहरा झोपलेल्या लेकरासारखा सैल व्हायचा. मी आंबेडकरी घरातला, देवाला हात न जोडणारा. पण तेवढा वेळ मीही शिक्के मारायचं थांबवायचो.

इतक्या रक्तात शांतता मिळते कशी, असं मी एकदा विचारलं.

"मिळत न्हाई, भाऊसाहेब. घ्यावी लागती. सकाळी पानी भरून ठिवतो तशी. रोजच्या रोज."

त्यांना एकुलता एक मुलगा. टेम्पो चालवायचा. यवतजवळच्या एका ढाब्यावर गाडी लावण्यावरून त्याची दुसऱ्या ड्रायव्हरशी जुंपली. त्या माणसाने चाक खोलायची लोखंडी टॉमी याच्या डोळ्यावर हाणली. याने फुटकी बाटली त्याच्या मांडीत खुपसली. दोघांना एकाच गाडीतून आमच्याकडे आणलं. डॉक्टर आत एका अडलेल्या बाईच्या ऑपरेशनमध्ये होते. बाहेर एकट्या मावशी.

बादली पायाने पुढे सरकली. वाक्य मात्र आलं नाही.

मुलाच्या डाव्या डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल होता. त्या ड्रायव्हरच्या मांडीतून रक्त उसळत होतं. मावशींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी असतो तर त्या माणसाला मरू दिलं असतं, हे मी आजही नाकारत नाही. मावशी गुडघ्यावर बसल्या आणि दोन्ही मुठी त्यांनी त्याच्या जांघेत रोवल्या.

"आई, त्यानंच फोडलाय माझा डोळा."

"दिसतंय बाळा. बाकावर बस. कापूस धर."

मुठी काढल्या असत्या तर तो गेला असता. डॉक्टर येईपर्यंत अर्धा तास त्या हलल्या नाहीत. मुलाने लाथ घातली, बादली आडवी झाली, तिच्यात टाकलेली टॉमी फरशीवर खणखणत गेली. त्याच्या डोळ्यावर कापूस मी धरला होता. माझ्या बोटांमधून गरम रक्त ओघळत होतं आणि तो आईच्या पाठीकडे बघत ओरडत होता, "तुजा देव त्याच्या मांडीत बसलाय काय?"

तो ड्रायव्हर वाचला. मुलाचा डोळा गेला. पहिल्याच फटक्यात डोळा फुटला होता, अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलाला ते पटलं नाही. शिरूरकडे एका कंपनीत लागला आणि घरी यायचा बंद झाला.

त्यानंतर कित्येक दिवस मावशी एक वाजता पायरीवर बसायच्या, पण डबा उघडायच्या नाहीत. मी कारण विचारलं. "डोळं मिटलं की त्याचाच डोळा दिसतो," म्हणाल्या. आपलं चुकलं असेल का, हेही त्यांनी मला विचारलं. माझ्यासारख्या पोराला.

मग एका दुपारी मागच्या खिडकीतून मावशींचा आवाज आला. "देवबापा, त्या दिवशी बी हात तुजंच व्हतं न्हवं? मग आता पोरगं बी तूच बघ. मला घडीभर बसू दे." त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली कुत्र्याला घातली आणि आत जाऊन कोणाचं तरी फुटलेलं डोकं धुवायला लागल्या.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्या गेल्या. दफनाला मुलगा आला होता. भिंतीशी उभा राहिला, माती दिली आणि निघून गेला.

परवा तो दवाखान्याच्या दारात दिसला. नाताळासाठी दौंडला येताना मोटरसायकलवरून घसरला होता. कपाळ फुटलं होतं, शर्ट छातीपर्यंत भिजला होता. बाकावर आधीच एक दारुडा होता. ऊसतोडीच्या भांडणात त्याच्या खांद्यात कोयता बसला होता. मावशींच्याच चर्चला जाणाऱ्या नवीन सिस्टरने मुलाला ओळखलं. मावशींचा मुलगा म्हणून त्यालाच आधी आत बोलावू लागली.

त्याने एका डोळ्याने त्या खांद्याकडे पाहिलं.

"त्याचं रक्त जास्त हाय, सिस्टर. आधी त्याला घ्या."

मी कापूस घेऊन गेलो. तो त्याने कपाळावर दाबला, बाकावर बसून डोकं भिंतीला टेकलं आणि डोळा मिटला. आत दारुडा आई-बहिणीवरून शिव्या देत होता. याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता, ते मला ऐकू आलं नाही. पण चेहरा हळूहळू सैल होत गेला.