कासवाच्या रांगोळीचं वजन

सुनेनं कीबोर्डवरची दोन बटणं दाबली आणि माझ्या रांगोळीतले सगळे रंग उडाले. उरल्या नुसत्या बारीक काळ्या रेघा. रेघा तरी किती! जाळ्यावर जाळं, त्याच्यावर आणखी जाळं. मी चष्मा पुसून परत लावला.

"हे माझं नाही गं."

"तुमचंच आहे, आई. रंगाखाली जे जे दडलंय ते दाखवतंय."

थांबा, आधीचं सांगायला पाहिजे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गावाकडे पिशोरला असते. मला येतात त्या सगळ्या ठिपक्यांच्या रांगोळ्या तिनं शिकवलेल्या. वहीत ना तिनं उतरवल्या, ना मी. आता तिला काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आणि राहिलेली किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही. मला एकच घोर लागला. तिला दिसतंय तोवर तिनं माझ्या रांगोळ्या नजरेखालून घालाव्यात, चुकलंमाकलं सांगावं. नंतर विचारायचं कुणाला?

कागदावरचं तिला दिसत नाही. मागून उजेड असला तरच दिसतं, म्हणजे फोनवर. पण फोटो पाठवला की ती दोन बोटांनी मोठा करते आणि तो पिठासारखा विस्कटतो. आमची सून वेबसाइट बनवायचं काम करते, इथं शहरात, गारखेड्याच्या घरातूनच. ती म्हणाली, "आई, तुम्ही व्हेक्टरमध्ये काढा. कितीही मोठं केलं तरी रेघ ठसठशीत राहते." एक दुपार तिनं शिकवलं, पुढचं माझं मी धडपडत शिकले. पहिली काढली कासवांची. मधे फूल, भोवती सहा कासवं. सुनेनं ती वेबसाइटवर चढवून दिली आणि मी अक्काला कळवलं.

"नुस्तं गोल गोल फिरायलंय गं," अक्का फोनवर. "माझा चहा झाला, भाकरी थापून झाली, तरी फिरायलंच."

तीन आठवडे ते फिरतच होतं. शेवटी सुनेनं फाइल तपासली आणि किंचाळलीच. "चार एमबी? एका रांगोळीला? पिशोरच्या नेटवर ही जन्मात उघडायची नाही!"

म्हणून तिनं ती बटणं दाबली होती.

खरं सांगते, मी जमिनीवर काढते तशीच काढली होती. अंगणात पाकळी चुकली की आपण काय करतो? वरून गेरूचा हात फिरवतो आणि नव्यानं काढतो. मी कॉम्प्युटरवर तेच केलं. चुकलं की गेरूच्या रंगाचा एक तुकडा वर ठेवायचा. वरून कसं स्वच्छ! आणि रंग भरल्यावर पांढरी रेघ पुन्हा ओढतात, तशी सगळी रेघ दुसऱ्यांदा ओढली. आता खाली बघते तर तेव्हाच्या सगळ्या चुका जिवंत. तेवीस मोडक्या पाकळ्या, एक तीन पायांचं कासव, आणि कोपऱ्यात अक्षरं.

सुनेनं मोठ्यानं वाचलं, "सूनबाईच्या भाजीत मीठ नाही. बोलायची सोय नाही."

मी पटकन हातानं पडदा झाकला.

"अगं, ते मी अक्षरं कशी उमटतात ते बघत होते."

"बघायला दुसरं वाक्य नव्हतं?"

"पण मी झाकलं होतं की त्याच्यावर!"

"झाकलं, पण फाइलीत आहे ना. तीन आठवडे इंटरनेटवर आहे. ज्याला फाइल उघडता येते त्याला वाचता येतं." मग तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "कुठली भाजी, आई?"

"दोडक्याची."

"ती तुमच्या मुलानं केली होती."

मी पाणी प्यायला उठले.

परत आले तोवर गेरूचे तुकडे आणि त्यांच्या खालचं सगळं तिनं काढून टाकलं होतं. मग तिनं फाइल आतून दाखवली. मला वाटायचं आत चित्र असेल. कुठलं चित्र! नुसता मजकूर. इथून निघ, तिथं वळ, एवढं वाक. आणि प्रत्येक बिंदूचा पत्ता सांगायला दशांशचिन्हापुढे सहा-सहा आकडे. "एवढं बारीक माणसाच्या डोळ्याला दिसत पण नाही," म्हणत तिनं आकडे छाटायची पडद्यावरची सरकती पट्टी माझ्या हाती दिली. मी हावरटासारखी शून्यापर्यंत ओढली. अरे देवा! कासवांच्या पाठी फुटक्या विटांसारख्या झाल्या. घाईघाईनं दोन आकड्यांवर आणली, तेव्हा पाठी पुन्हा गोल झाल्या.

"सहाही कासवं सारखीच ना?" सून म्हणाली. "मग एकदाच लिहू. बाकी पाच ठिकाणी 'तेच कासव, इतकं फिरवून' एवढंच."

शेवटी आकडा आला नऊ केबी. मी तो तिला दोनदा म्हणायला लावला. चार हजार केबीचे नऊ, आणि चित्र तसंच्या तसं! मग इतके दिवस मी पिशोरला पाठवत काय होते?

अक्काला फोन लावला. "उघडलं गं! झटक्यात!" ती ओरडली. आणि लगेच, "ठिपके कुठं हायेत?"

रेघांखाली झाकले गेलेत म्हणून आम्ही तेही उडवले होते.

"ठिपके नाय तर मी मोजू काय, तुझं डोस्कं?"

पंधरा ते आठ, एकशे एकोणसत्तर ठिपके परत आले, या वेळी रेघांच्या वर, पण सुनेच्या पद्धतीनं. ठिपका एकदाच लिहिला आणि बाकीच्या जागी त्याचं नुसतं नाव. चौदा केबी झाले.

अक्का फोन चालू ठेवूनच मोजायला लागली. पंधरा, चौदा, तेरा. बोटानं चित्र मोठं करत असावी, मधेच थांबायची, पुढं मोजायची.

"ठिपके बराबर हायेत. पण कासवं कुठं चालली गं?"

"म्हणजे?"

"समद्यांची तोंडं भायेर. दारातली कासवं घरात येत्यात, मधल्या फुलाकडं. तू तर सहाच्या सहा हाकलून लावलीस!"

लग्न होऊन आल्यापासून मी ही रांगोळी अशीच काढतेय. मुलाच्या लग्नात काढली, कॉलनीतल्या किती बायकांना शिकवली. सगळ्यांच्या दारातून कासवं बाहेर!

सुनेनं काही न विचारता एक कासव उलटं फिरवलं. एकच. आणि पडद्यावर सहाच्या सहा एकदम गर्रकन वळली, फुलाकडे तोंडं करून. मी केवढ्यानं तरी ओरडले.

"अक्का, परत उघड!"

"फिरली की गं बया! आता हाय खरी." मग म्हणाली, "तरीच. दर दिवाळीला तुझ्याकडं आले की दारातच काहीतरी खटकायचं. म्हटलं, शहरात अशीच काढत असतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लई हौसेनं दाखवायचीस. ते जाऊ दे. अजून किती हायेत?"

"चव्वेचाळीस."

"मग बसलीस काय? दुसरी धाड."